सेल काढले तरी झटका

आमच्या मुरुडात मगरीबच्या सुमारास डास येतात आणि घरोघरी रॅकेटचा तडतडाट सुरू होतो. परवा भाच्यानं बंद पडलेली रॅकेट उघडली. ‘जपून रे,’ मी म्हटलं. ‘मामू, सेल काढलेत,’ तो म्हणाला आणि दुसऱ्याच क्षणी हात झटकत उठला.

मी पडलो कवितेतला माणूस. त्या झटक्याचा पत्ता शोधत बाजारातल्या टीव्ही-मिस्त्रीकडे गेलो.

दोन-तीन व्होल्टच्या सेलमधून हजारावर व्होल्ट येतात कसे? आतला ट्रान्झिस्टर प्रवाह सतत चालू-बंद करतो आणि ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो. घरची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. तेवढ्याच गतीला लोखंडाचा जड गाभा लागतो. गती वीस-तीस हजारांवर नेली, की सुपारीएवढा फेराइटचा गाभा पुरतो. यंत्र लहान होतं ते यामुळे. पुढे डायोड आणि कपॅसिटर यांची शिडी. प्रत्येक पायरीवर दाब चढत जातो. अशाच शिडीनं लाखो व्होल्ट मिळवून 1932 साली केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमचा अणुगर्भ फोडला!

रॅकेटला दाब थोडा कमी-जास्त चालतो. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर नळीला चालत नाही. दाब कमी पडला तर ती मोजत नाही, फार झाला तर आपोआप पेटून खराब होते. म्हणून तिथं बटण हवं. बाहेर पडणाऱ्या दाबाचा हजारावा हिस्सा परत आणून बटणानं ठरवलेल्या दाबाशी ताडतात. कमी भरला तर रेटा वाढवायचा, जास्त भरला तर सैल सोडायचा. तांडेल सुकाणू धरतो तसंच हे काम.

पण दाब वाढवणं सोपं. तो लहान डबीत कोंडून ठेवणं अवघड. कोरडी हवा मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट सोसते. आमची हवा खारी. पट्टीवर मिठाचा थर बसतो, तो ओल धरतो आणि वीज पृष्ठभागावरून सरपटत पलीकडे जाते. विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या चिमण्यांना पाळ्या असतात, त्या ही वाट लांबवण्यासाठीच. छोट्या डबीत पाळ्यांना जागा कुठली? मग दोन टोकांमध्ये पट्टीला चीर पाडतात, किंवा सगळं इपॉक्सीत बुडवून टाकतात.

आणि भाच्याचा झटका? तो कपॅसिटरचा. सेल काढले तरी भरलेली वीज त्यात राहते. जुन्या रंगीत टीव्हीत पंचवीस हजारांच्या आसपास व्होल्ट असत आणि पिक्चर ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटर होई. मिस्त्री आधी तार जोडलेल्या स्क्रू-ड्रायव्हरनं ती रिकामी करत, तेही एक हात खिशात ठेवून, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये.

वीज आपोआप उतरावी म्हणून कपॅसिटरवर मोठा रेझिस्टन्स जोडतात. रॅकेटमध्ये तो असेलच असं नाही. मिस्त्रींनी आमच्या रॅकेटला बसवून दिला. एकटा एवढा दाब सोसणार नाही म्हणून पाच ओळीनं. ‘सेल लवकर संपतील हां,’ म्हणाले. संपू देत.