अभिकल्प, नित्योपयोगी वस्तूंचा
अभिकल्प, नित्योपयोगी वस्तूंचा : रोजच्या वापरातील वस्तूचा आकार, द्रव्य, जोडणी व उपयोग यांचा परस्परांशी असलेला मेळ म्हणजे तिचा अभिकल्प होय. नक्षी व झिलई हा त्याचा एक भाग आहे. परंतु वस्तूची पारख करताना पुष्कळदा नजर तेवढ्यावरच खिळते.

तांब्या हे याचे परिचित उदाहरण. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकन अभिकल्पक चार्ल्स व रे ईम्झ यांनी १९५८ च्या आपल्या अहवालात लोट्याचा विशेष गौरव केला. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली. भरल्या व रित्या भांड्याचा तोल, गळ्याशी बोटांना मिळणारी पकड, काठावरून पडणारी धार, आत हात घालून घासण्याची सोय हे गुण कोणा एका कारागिराने योजलेले नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने ठरत गेले. धार नीट पडत नसेल, तर तो दोष पाणी ओतताच कळतो व पुढचे भांडे घडविताना सुधारता येतो.

घराच्या बाबतीत अशी संधी क्वचितच मिळते. औसा तालुक्यात व एकंदर मराठवाड्यात रूढ असलेले माळवदाचे घर अनेक दृष्टींनी उत्तम आहे. जाड दगडी भिंती व लाकडी तक्तपोशीवरील मातीचा थर यांमुळे ते उन्हाळ्यात थंड राहते; माळवदावर धान्य वाळविता येते, रात्री निजताही येते. गळती थांबविण्यासाठी मातीचे नवे थर घातले जात व छताचे वजन वाढत जाई. भिंतीचे दर्शनी दगड घडीव असले, तरी तिच्या आतील व बाहेरील पदरांमध्ये चिखल व दगडगोटे भरलेले असत. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. हा दोष बाहेरून दिसत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे याच तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. भिंतींचे पदर एकमेकांपासून सुटून ढासळले आणि झोपेत असलेली सु. ८,००० माणसे मृत्यू पावली. लाकडी खांब व तुळया यांचा सांगाडा मात्र पुष्कळ घरांत भिंती पडल्यावरही उभा होता. जड माळवद पेलण्यासाठी केलेली ही जोडणी घराच्या अभिकल्पाचा सर्वांत सरस भाग होती, असे म्हणावे लागेल.

नंतरच्या मजबुतीकरणात माळवदावरील जादा माती उतरविणे, भिंतीत आरपार छिद्र पाडून त्यात आकडेदार लोखंडी सळई व काँक्रीट भरणे आणि घराभोवती सलग पट्टा बांधणे, हे उपाय सुचविण्यात आले. नव्या भिंतीत दर थराला काही आरपार दगड घातल्यास खर्चात फारशी भर पडत नाही. मात्र ते घातले आहेत की नाहीत, हे गिलावा होण्यापूर्वीच पाहावे लागते.