हिशेब ज्याचा त्याचा

रमजानचे मधले दहा दिवस ‘मगफिरत’चे, म्हणजे क्षमेचे मानले जातात. पण क्षमा कशाची मागायची? स्वतः केलेल्या चुकांची, की जन्मासोबत आलेल्या पापाची?

हजरत आदम यांनी मनाई केलेल्या झाडाचे फळ चाखले, ही कथा बायबल आणि कुरआन दोन्हींत आहे. संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांच्या मते आदमचा दोष साऱ्या मानवजातीत उतरला. पेलाजियस यांनी हे नाकारले. पण ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्यांचेच मत फेटाळले. ऑर्थोडॉक्स चर्च मात्र आजही मृत्यू वारशाने येतो असे मानते, अपराध नव्हे.

कुरआनमध्ये आदम आणि हव्वा दोघेही क्षमा मागतात आणि अल्लाह तौबा स्वीकारतो. हिशेब तिथेच मिटला. मग तो लेकरांच्या माथी कसा येईल? कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असे कुरआन सांगते. बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही, हे बायबलमध्येही यहेज्केलच्या १८व्या अध्यायात आहे.

म्हणून इस्लाममध्ये दुसऱ्याच्या बलिदानाने पापमुक्ती नाही. ज्याने चूक केली त्यानेच पश्चात्ताप करायचा. कोणाचा हक्क मारला असेल, तर तो परत करायचा. तरीही केवळ कर्माच्या बळावर जन्नत मिळत नाही, अल्लाहची दया लागतेच, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दयेशिवाय तरणोपाय नाही, हे चर्चमध्येही सांगितले जाते. वाटा वेगळ्या असल्या, तरी मान दोन्हीकडे त्या दयेपुढेच झुकते.