पायाला वारा, पाठीला घोंगडी

खानदेशात पायी हिंडायचं तर पायांना वारा लागला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. पाठीवर दहा-बारा किलोंची सॅक, अंगाला चिकटलेली जाड पँट आणि डोक्यावर जळगावचं ऊन असलं की दुपारपर्यंत मांड्या सोलवटतात. मग समोर सातपुडा कितीही देखणा उभा असो, सगळं लक्ष त्या आगीकडेच लागतं. आजोबांच्या पिढीला हा जाच नव्हता, ती माणसं धोतरात कोसच्या कोस तुडवायची. मीही आधी धोतरच नेसून पाहिलं. पण सॅकचा कमरपट्टा नेमका निऱ्यांवर बसतो आणि पहिल्याच चढावर निऱ्या सुटतात. लुंगीची गाठही त्या पट्ट्याखाली टिकत नाही. तेव्हापासून मी किल्ट घालून हिंडतो.

किल्ट म्हटलं की आपल्याला पिपाण्या फुंकणारा बँडवाला आठवतो. मुळात मात्र तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गुराख्यांचा आणि वाटसरूंचा कपडा. जुना, मोठा किल्ट शिंप्याने बेतलेला नसायचाच. पाचेक मीटर लांबीचं लोकरी कापड जमिनीवर पसरायचं, त्याच्या निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेलं कापड खांद्यावर घ्यायचं. रात्री पट्टा सोडला की तेच अंथरूण आणि तेच पांघरूण. आपल्याकडे धोतर आणि घोंगडी मिळून जे काम करतात ते तिथे एकटं कापड करायचं. आज दिसतो तो गुडघ्यापर्यंतचा, शिवलेल्या निऱ्यांचा किल्ट अठराव्या शतकातला. तिथे १७४५ साली झालेल्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६च्या कायद्याने हा पोशाख घालायला बंदी केली आणि ती १७८२ साली उठली. सैन्याला मात्र मुभा होती, म्हणून किल्ट पलटणींबरोबर जगभर फिरला.

तसा तो आपल्या दारापर्यंतही आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनानी वेलस्लीची लढाई झाली, तीत ७८वी हायलँड ही किल्टवाली पलटण होती. असई आज जालन्याच्या भोकरदन तालुक्यात आहे. अजिंठ्याचा डोंगर उतरला की आपला जळगाव जिल्हा लागतो. पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाचा तरुण अधिकारी खानदेशात आला आणि धरणगावला त्याने भिल्लांची पलटण उभारली. त्याचं लहानपण आणि शिक्षण स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या मुलखात झालेलं. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट त्याच्याच नावाचा. त्या घाटातून जाताना मी एसटीच्या खिडकीतून नेहमी झाडंच न्याहाळत असतो. कोणत्या दोन झाडांमध्ये झोपायची झोळी बसेल, एवढाच विचार डोक्यात असतो.

माझा किल्ट लोकरीचा नाही. आठ वार जाड लोकर खानदेशात घालणं हा जिवाशी खेळ. खाकी सुती ड्रिल घेऊन गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतला. पुढे सपाट पदर, मागे खोल निऱ्या, बाजूला दोन बक्कल आणि दोन मोठे खिसे. ओढा लागला की बूट काढायचे आणि सरळ पाण्यात शिरायचं, पँट दुमडत बसायचं काम नाही. खरी गंमत मात्र दिवाळीनंतरच्या कुसळीच्या गवतात आहे. कुसळाचं टोक सुईसारखं असतं. पँटच्या कापडात शिरलं की प्रत्येक पावलागणिक आत सरकतं आणि ओलावा मिळाला की स्वतःभोवती फिरत आणखी घुसतं. उघड्या नडगीवर त्याला धरायला काही मिळत नाही, ते खाली पडतं. त्रास राहतो तो फक्त मोज्यांचा, म्हणून मोजे आखूड घालावेत. घाणेरीचं रान आणि खाजकुयलीचे वेल यांच्यापुढे मात्र किल्ट हरतो. अशा ठिकाणी वाट सोडू नये.

आता झोळी. या विषयावर मला थांबवणं घरच्यांनाही जमत नाही.

कोलंबसाच्या माणसांनी १४९२ साली कॅरिबियन बेटांवर लोक टांगलेल्या जाळीत झोपलेले पाहिले. पुढे दर्यावर्दींनी ती युक्ती उचलली आणि हॅमॉक जगभर गेला. पण कापूसवेचणीच्या दिवसांत चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या कुठल्याही शेतात जा. बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी आणि तीत निजलेलं तान्हं मूल दिसेलच. आपण सगळे झोळीतच झोपायला शिकलो. मोठ्या माणसाने तिच्यात झोपायचं तर थोडं गणित लागतं, एवढंच.

पहिली गोष्ट कोनाची. बहुतेक नवशिके झोळी ताणून बाजेसारखी सपाट करू पाहतात. झोळीच्या दोऱ्या आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करून असल्या, तर सत्तर किलोंच्या माणसाचा प्रत्येक दोरीवर सत्तर किलोंचाच ताण येतो. तोच कोन दहा अंशांवर आणला की ताण दोनशे किलोंवर जातो. मग गाठ सरकते, कापड फाटतं, कधी झाडच वाकतं. झोळी सैल, हसऱ्या ओठांसारखी सोडायची आणि तीत तिरकं झोपायचं. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला गेले की पाठ सपाट होते. दोन झाडांत चार-साडेचार मीटर अंतर असावं आणि बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर यावं. किल्ट घालून बसताना मागच्या निऱ्या हाताने सारख्या करून मगच टेकायचं, नाहीतर रात्रभर कमरेखाली गोळा टोचतो.

दुसरी गोष्ट झाडाची. माझा जीव अंजनावर. खानदेशाच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर अंजन उभा असतो. लाकूड लोखंडासारखं आणि सालही अशी चिवट की पूर्वी तिच्या वाखाचे दोर वळत. सागाचा सरळ बुंधाही चांगला. सालईचं लाकूड ठिसूळ, तिच्यावर भरवसा ठेवू नये. काटेसावर आणि बाभूळ यांना काटे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह फुलतो तेव्हा त्याच्याखाली मुक्काम करणं वेडेपणा, कारण अस्वलं फुलं खायला पहाटे तिथेच येतात. झाड कुठलंही असो, बांधण्याआधी मान वर करून वाळकी फांदी बघून घ्यायची. आणि बारीक दोरी कधीही बांधायची नाही, ती सालीत रुतते. दोन बोटं रुंद पट्टा वापरला की झाडाला इजा होत नाही.

तिसरी गोष्ट थंडीची. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपुढे जाणारा हाच मुलूख पौषात अंगावर काटा आणतो. झोळीत थंडी खालून लागते. पांघरूण अंगाखाली दबलं की त्यातली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. परदेशात यासाठी झोळीखाली टांगायची खास रजई मिळते. मी घोंगडीच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून ती झोळीखाली सैल टांगतो. घोंगडी दबत नाही, मध्ये हवा राहते आणि पाठ उबदार राहते.

ही जोडणी मी साक्री तालुक्यात एका ठेलारी म्हाताऱ्याला दाखवली होती. ठेलारी म्हणजे धुळे-नंदुरबारकडचे मेंढपाळ. पावसाळा संपला की घोड्यांवर संसार लादून मेंढरांमागे निघतात आणि शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात. वर्षाचे कितीतरी महिने त्यांची रात्र उघड्यावरच जाते. बाबांनी आधी किल्टला हात लावून विचारलं, "हाई काय शे, भाऊ?" मग घोंगडीची दोरी सोडली आणि कोपऱ्यात एक खडा गुंडाळून त्याच्या मागे फास दिला. असं केलं की विणीला भोक पाडावं लागत नाही आणि दोरी निसटतही नाही. तेव्हापासून मी तसंच बांधतो. उघड्यावर राहण्याचं इतकं ज्ञान आपल्या शेजारी असताना आपण ते केवळ परदेशी व्हिडिओंतून शिकतो, याची मला मनापासून खंत वाटते.

जागांबद्दल थोडक्यात. चाळीसगावजवळ पाटणादेवी, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकिगत कोरलेली आहे. यावल तालुक्यात मनुदेवी, रावेर तालुक्यात सुकी नदीकाठचं पाल, धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्यावर नजर ठेवून असलेला लळिंगचा किल्ला. दिवसा या सगळीकडे खुशाल हिंडा. पण यावल, अनेर आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथे मनाला येईल त्या झाडाला झोळी बांधून रात्र काढता येत नाही. वनखात्याकडे विचारून विश्रामगृहात उतरावं. त्याहून सोपं म्हणजे पायथ्याच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर मुक्काम करावा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला आहे. शेकोटी मात्र शेतातल्या मोकळ्या जागीच आणि मालकाच्या देखत. वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते.

निघायला उत्तम काळ डिसेंबर-जानेवारी. ओढ्यांना थोडं पाणी असतं आणि कुसळंही बरीच झडलेली असतात. किल्ट शिवायचा असेल तर मोठ्या पन्ह्याचं चार मीटर सुती ड्रिल घ्या आणि निऱ्या कमरेपासून वीतभर शिवून घ्यायला सांगा, म्हणजे सॅकचा पट्टा नीट बसतो. कापड या दिवाळीतच शिंप्याकडे टाका. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि मग त्याला मान वर करायला सवड नसते.