बराक क्रमांक बाराचे क्षेत्रफळ

हिरे व्यापारी मेहुल चोक्सी यांचे भारताकडील प्रत्यार्पणाविरुद्धचे अखेरचे अपील बेल्जियमच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये फेटाळले, आणि पंजाब नॅशनल बँकेचा तो घोटाळा, अँटिग्वाचे नागरिकत्व व हिऱ्यांच्या पेढ्या यांची कथा वृत्तपत्रांनी पुन्हा एकवार उगाळली. वाचकांना ती पाठ आहे. परंतु त्या प्रकरणाच्या दफ्तरात असा एक कागद आहे की, ज्याची दखल बहुतेकांनी दोनचार ओळींत आटोपली, आणि माझ्या मते सबंध प्रकरणात सावकाशीने वाचावा असा कागद तोच. आपल्या गृहमंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये बेल्जियमच्या अधिकाऱ्यांना पाठवलेले हे हमीपत्र आहे. आरोपीला मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील बराक क्रमांक १२ मध्ये ठेवण्यात येईल. तेथे त्याला सामानसुमानाची जागा वगळून किमान ३ चौरस मीटर मोकळी जागा मिळेल. जाड सुती गादी, उशी, चादर व पांघरूण मिळेल. वैद्यकीय कारण निघाल्यास खाटही देण्यात येईल. पंखा, दिवा, खिडकी, खोलीला जोडूनच शौचालय व न्हाणी आणि दिवसाकाठी तासाभराहून अधिक मोकळ्या हवेत व्यायाम, असा सारा तपशील त्यात, लग्नाच्या याद्या कराव्यात तशा बारकाईने नोंदवलेला आहे.

हा तीनाचा आकडा गृहमंत्रालयाच्या कोणा सचिवाला आपण होऊन सुचला असेल, असे समजण्याचे कारण नाही. त्याचे मूळ क्रोएशियातील बेलोवार नावाच्या एका लहानशा गावच्या तुरुंगात आहे. क्रिस्तियान मुर्शिच या तेथील कैद्याने अशी फिर्याद केली की, आपल्याला अन्य बंद्यांसमवेत इतक्या कोंदट जागेत ठेवण्यात आले की, ती वागणूक अमानुषच म्हटली पाहिजे. ही फिर्याद क्रोएशियाच्या न्यायालयांतून फेटाळली जात जात स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या विस्तारित पीठापुढे पोचली, आणि २० ऑक्टोबर २०१६ रोजी त्या पीठाने जो निवाडा दिला तो कायद्याच्या वाङ्मयातील एक विलक्षण चीज आहे. कारण मानवी प्रतिष्ठेविषयी व्याख्यान देऊन न थांबता न्यायाधीशांनी तेथे फूटपट्टी हातात घेतली आहे. माणशी जागा ३ चौरस मीटरांहून कमी भरली की, यातनामुक्तीच्या कलमाचा भंग झाला असे प्रबळ गृहीतक धरावे. ते खोटे पाडण्याचा भार सरकारवर राहील. मोजणीत शौचालय धरू नये, सामान मात्र धरावे. मुर्शिचला सलग २७ दिवस २.६२ चौरस मीटर जागेत काढावे लागले होते. तेवढ्यापुरती त्याची फिर्याद मान्य झाली आणि हजार युरो भरपाई मिळाली. मधूनमधून आलेल्या तुटक दिवसांची फिर्याद अमान्य झाली. असा रोजकीर्दीसारखा हिशेब करणे न्यायदेवतेला शोभते काय, असा प्रश्न कोणी रसिक विचारील. मला तर ते तिचे सर्वांत शोभिवंत रूप वाटते.

याच न्यायालयाने तत्पूर्वी, २०१३ मध्ये, इटलीच्या सात कैद्यांच्या फिर्यादीवरून त्या देशाला वर्षभराची मुदत घालून दिली होती. परिणामी इटलीने असा कायदा केला की, अमानुष स्थितीत काढलेल्या प्रत्येक दहा दिवसांमागे शिक्षेचा एक दिवस कमी व्हावा, आणि कैदी सुटून गेला असल्यास दिवसाला आठ युरो त्याच्या हाती पडावेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील कैद्यांच्या दाव्यांत, तुरुंगांतील संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा हुकूम कायम केला. दोन्हीकडे एक आकडा होता, आणि तो न पाळल्यास सरकारला काहीतरी गमवावे लागणार होते.

आपल्या तुरुंगांची परदेशी न्यायालयांत झालेली झडती हा तर स्वतंत्र लेखाचा विषय होईल. डॉ. ॲलन मिचेल हे स्कॉटलंडच्या तुरुंगांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलेले गृहस्थ. युरोपातील कोठड्यांची तपासणी करणाऱ्या समितीवरही ते होते. क्रिकेटच्या सट्टेबाजीतील आरोपी संजीव चावला यांच्या प्रत्यार्पणाच्या मुकदम्यात त्यांनी तिहारच्या स्थितीविषयी साक्ष दिली, आणि लंडनच्या न्यायालयाने २०१७ मध्ये त्या साक्षीला वजन देऊन प्रत्यार्पण नाकारले. एका डॉक्टरच्या जबाबाने एका सार्वभौम सरकारची दरखास्त परतवली गेली! सरकारने अधिक नेमक्या हमीचे कागद रवाना केले, तेव्हा कुठे २०२० मध्ये आरोपी दिल्लीस आणला गेला. उद्योगपती विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या मुकदम्यात, बचावाच्या बाजूने, हेच डॉक्टर उभे राहिले. तेथे बराक क्रमांक १२ ची छायाचित्रे पाहून न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांचे समाधान होईना. त्यांनी जुलै २०१८ मध्ये असा आदेश दिला की, खिडक्यांतून उजेड कितपत येतो हे कळावे म्हणून भरदिवसा, टप्प्याटप्प्याने पुढे जात, कोठडीचे चित्रीकरण करून आणावे. ते आणले गेले. डिसेंबरातील निकालपत्रात बाईंनी चित्रीकरण ग्राह्य धरले, मात्र बराकीची नुकतीच रंगरंगोटी झालेली दिसते, हेही टिपून ठेवायला त्या विसरल्या नाहीत. (रंगाचा वास चित्रफितीत येत नसल्यामुळे तेवढे एक निभावले.)

आता या सगळ्या पत्रव्यवहाराशेजारी ठेवून पाहावी अशी एक गोष्ट सांगतो. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या नमुना कारागृह नियमावलीत बराकीतील प्रत्येक बंद्यास ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे चाळीस चौरस फूट, जागा असावी असे लिहिलेले आहे; एकांड्या कोठडीसाठी ८.९२ चौरस मीटर. म्हणजे बेल्जियमला ज्या औदार्याने आपण तीन मीटर देऊ केले ते आपल्याच छापील पुस्तकाहून सुमारे पाऊण चौरस मीटराने कमी भरते. प्रत्यक्षात काय आहे? मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी मे २०२५ मध्ये एका जामिनाच्या हुकुमात नमूद केले आहे की, आर्थर रोडच्या ज्या बराकी पन्नास माणसांसाठी मंजूर आहेत त्यांत २२० ते २५० माणसे राहतात. एखादी बराक नियमावलीबरहुकूम बांधली आहे असे धरून चाललो, तरी माणशी आठ-नऊ चौरस फूट हाती लागतात. सहा फूट लांब व दीड फूट रुंद पट्टा एवढाच त्याचा अर्थ. अशा पट्ट्यावर धडधाकट माणसाला उताणे पडता येत नाही, कुशीवरच झोपावे लागते, आणि शेजारच्याने कूस बदलली की आपल्यालाही बदलावी लागते. ही बराक आणि ती बाराव्या क्रमांकाची बराक एकाच आवारात आहेत.

आमच्या न्यायालयांनी या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. किंबहुना तुरुंगातून दाद मागण्याचा आपला इतिहास युरोपाहून रसाळ आहे, आणि त्याच्या आरंभी एक मराठी पुस्तक आहे. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांनी कैदेत ‘अणूच्या अंतरंगात’ हा विज्ञानविषयक ग्रंथ लिहिला आणि हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची मुभा मागितली. सरकारने ती नाकारली; कारण म्हणे, स्थानबद्धांच्या शर्तींच्या हुकुमात ग्रंथ बाहेर पाठवण्याचा हक्क दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये हे तर्कशास्त्र उलटे केले: शर्तींच्या हुकुमाने स्वातंत्र्य काढून घेतलेले नसेल, तर ते बंद्याकडेच राहते. पुढे १९७९ च्या सुनील बात्रा प्रकरणात फाशीच्या कैद्याने सहबंद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्र हाच अर्ज मानून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दीर्घ निकालपत्र लिहिले. १९९६ मध्ये बंगळुरूच्या कारागृहातील राममूर्ती नामक बंद्याच्या पत्रावरून तुरुंगांचे नऊ दोष नोंदले गेले, आणि गर्दी त्यांत पहिली होती. २०१३ पासून देशातल्या १३८२ तुरुंगांच्या अमानुष स्थितीवरची सुनावणी चालली, तीही माजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पत्रावरून. या सर्व निवाड्यांची भाषा उदात्त आहे आणि त्यांतून समित्या पुष्कळ निघाल्या. मात्र अमुक चौरस मीटरांहून जागा कमी भरली तर सरकारचे अमुक नुकसान होईल, असे कलम त्यांत शोधून सापडत नाही. म्हणून तुरुंगाधिकाऱ्यांना निकालपत्रांची धास्ती वाटत नाही, आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला एका वृद्ध बंद्याच्या चष्म्याच्या नाकारलेल्या पार्सलावरून तुरुंग प्रशासनासाठी कार्यशाळा घ्यावी काय, असे विचारावे लागले.

लंडन व ब्रुसेल्सच्या न्यायाधीशांपाशी अशी कोणती विद्या आहे की, जी आपल्यापाशी नाही? विद्या नाही, त्यांच्या ताब्यात माणूस आहे. जागा दाखवा, नाही तर माणूस देत नाही, एवढेच ते म्हणतात, आणि मंत्रालयातून गादीच्या जाडीसकट हमी निघते. परंतु हेच सामर्थ्य आपल्या प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्यापाशी रोज सकाळी असते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी शेकडा ७५.८ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही अशी माणसे. त्यांतला प्रत्येक जण कोणा ना कोणा न्यायाधीशाच्या सहीनेच आत गेला आहे. ‘गुन्हेगारांचे कसले लाड’ असे म्हणणाऱ्या सद्गृहस्थांनी या आकड्याशी थोडा वेळ थांबावे. कोठडी वाढवण्याचा अर्ज समोर येतो तेव्हा, या माणसाला ठेवणार त्या बराकीत आज रात्री किती जण आहेत, हा प्रश्न विचारण्याचा शिरस्ता आपल्याकडे नाही. न्यायमूर्ती जाधवांनी जामीन देताना तो विचारला. म्हणून तो हुकूम मला दहा समित्यांहून मोलाचा वाटतो.

मला राहून राहून असे वाटते की, सामान्य बराकीतल्या एखाद्या कच्च्या कैद्याने उच्च न्यायालयात साधासा अर्ज करावा, त्याला गृहमंत्रालयाचे ते हमीपत्र परिशिष्ट म्हणून जोडावे, आणि संविधानाच्या चौदाव्या कलमाखाली एवढीच मागणी करावी की, याच आवारात, याच सरकारने, दुसऱ्या आरोपीला जे लेखी देऊ केले आहे ते मलाही लेखी द्यावे. सरकारी वकिलांना तेव्हा कैफियतीत दोहोंपैकी एक लिहावे लागेल: बेल्जियमला दिलेली हमी हा अपवाद होता, किंवा जागा नाही. अपवाद म्हटले तर समतेचे कलम आडवे येते. जागा नाही म्हटले, तर न्यायाधीशांना विचारता येईल की, मग त्याला ठेवून कशाला घेता.