देवमाशाचे हाड लवकर सुकत नाही

मेलेले ढोर माळावर टाकले, की एकदोन पावसाळ्यांत त्याची हाडे पांढरीफटक होतात, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. देवमाशाचे तसे नाही. मांस गळून गेले तरी हाड आतून ओलेच राहते. ही ओल पाण्याची नव्हे, तेलाची!

जून २०१५ मध्ये रेवदंड्याला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमासा किनाऱ्याला लागला. गावकरी आणि वनखात्याने शिकस्त केली, पण दोन्ही वेळा जीव वाचला नाही. मग गावापुढे प्रश्न पडतो, एवढ्या धुडाचे करायचे काय? रत्नागिरीला झाडगावचे मत्स्य संग्रहालय पाहिले असेल, तर तिथला सुमारे ५५ फुटी सांगाडा आठवा. हाडे नीट राखली, तर पोरांना पिढ्यान्‌पिढ्या शिकायला मिळते.

हाडे राखायची कशी? आधी मांस सोलून धूड वाळूत पुरतात. काही देशांत हाडे घोड्याच्या लिदीत दाबतात. आपला उकिरडा करतो तेच काम तिथे होते, जंतू मांस खाऊन टाकतात. मग हाडे उकरून, धुण्याची पावडर घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. वर तवंग आला, की पाणी बदलायचे. हे महिनोन्‌महिने चालते. घाई करून खळखळ उकळले, तर हाड खराब होते. पंचायतीच्या टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर तर अजिबात वापरू नये, हाड पिठासारखे भुसभुशीत होते. जाणकार शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडचे सौम्य पाणी वापरतात.

एवढे करूनही तेल पिच्छा सोडत नाही. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात १९९८ साली मेलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला आहे. त्यातून पुढे कित्येक वर्षे तेल ठिबकत राहिले. कॅनडात १९८७ साली पुरलेला देवमासा वीस वर्षांनी उकरला, तरी मांस शिल्लक होते आणि हाडे तेलकटच होती.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. देवमासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मणका घरी नेला, दात काढला, तर तो गुन्हा होतो. मासा दिसताच १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या. पुरायचे ठरले तर जागा विहिरीपासून लांब आणि भरतीच्या रेषेच्या वर असावी. जागेच्या खुणा आणि माशाची लांबी दप्तरी लिहून ठेवा. परांची बारीक हाडे जाळ्यात बांधून, डावे-उजवे वेगळे पुरायला सांगा. नाहीतर चार वर्षांनी संग्रहालयवाले आले, की 'इथेच कुठेतरी होता हो' म्हणत सगळा किनारा खणत बसावे लागेल!