शार्लटची मागची खोली

काही पुस्तकं न वाचताही वाचल्यासारखी वाटतात. जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' त्यातलीच एक. गर्विष्ठ श्रीमंत तरुण, बोलण्यात कुणाला हार न जाणारी मुलगी, आधी खटके, मग गैरसमज दूर होतात आणि शेवटी लग्न. या साच्यावर आपल्याकडं इतके सिनेमे निघाले, की मूळ पुस्तक उघडायची गरजच कुणाला वाटू नये. दूरदर्शनवर १९८५ साली 'तृष्णा' नावाची मालिका लागायची, तीही याच कादंबरीवर बेतलेली. ती मी शेजारच्यांच्या दारात उभा राहून पाहिली. गोष्ट मुळात विलायतेतली आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ही कादंबरी अभ्यासाला लागली. आमच्याकडं पुस्तकाआधी गाईड यायचं. सरांनीही पहिल्याच तासाला सांगून टाकलं, ही प्रेमकथा आहे. आम्ही सगळी पोरं एलिझाबेथच्या प्रेमात पडलो, मी जरा जास्तच. त्या वर्षीच्या माझ्या कवितांत तिचे डोळे जागोजाग आहेत. सुदैवानं त्या कुणी छापल्या नाहीत.

आता तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर वाटतं, ही वारसाहक्काची कादंबरी आहे. प्रेम तिच्यात आहेच, पण ते एका आकडेमोडीच्या वहीत लिहिलेलं आहे.

ती आकडेमोड जरा समजून घेऊ. लाँगबोर्नच्या बेनेटसाहेबांना वर्षाला दोन हजार पौंडांचं उत्पन्न आहे आणि पाच मुली आहेत. उत्पन्न बरं आहे, पण इस्टेटीला अट घातलेली आहे, की ती घराण्यातल्या पुरुष वारसाकडंच जाईल. बेनेटसाहेबांना ती विकता येत नाही, मुलींच्या नावे करता येत नाही. त्यांचे डोळे मिटले की घरदार, जमीन सगळं कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाचं. हा पेशानं पाद्री, कमालीचा लोचट आणि मूर्ख. बेनेटबाई आणि मुली यांच्यासाठी मिळून पाच हजार पौंड बाजूला आहेत. म्हणजे एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात एक हजार पौंड, चार टक्के व्याजाचे. वर्षाला चाळीस पौंड झाले. ज्या डार्सीला ती फटकारते, त्याचं उत्पन्न वर्षाला दहा हजार. हे आकडे लेखिकेनं स्वतः दिले आहेत, आणि तेही ऐन मागणी घालण्याच्या प्रसंगात. कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना तिच्या त्या हजार पौंडांचा उल्लेख करायला विसरत नाही.

बेनेटसाहेबांनी शिल्लक का टाकली नाही? कारण मुलगा होईल अशी खात्री होती. तो वयात आला की बापलेक मिळून ती अट मोडून काढतील, हा हिशेब. पाच मुली झाल्या, तरी बेनेटबाई पुढं कितीतरी वर्षं मुलाची वाट पाहत होत्या. हे वाचताना मला हँपशायर आणि हर्टफर्डशायर लांबचे वाटत नाहीत. आणि त्या बेनेटबाईंना आम्ही वर्गात फार हसलो होतो. मुलींच्या लग्नाशिवाय बाईला दुसरं काही सुचतच नाही म्हणून. आज वाटतं, त्या घरात हिशेब करणारं माणूस तेवढं एकच होतं.

पण मला सांगायचं आहे ते शार्लटबद्दल. शार्लट लुकस ही एलिझाबेथची जिवलग मैत्रीण. वय सत्तावीस, रूप बेताचं, हाती पैसा नाही. एलिझाबेथनं कॉलिन्सला नकार दिला, आणि तिसऱ्या दिवसाच्या आत त्यानं शार्लटला मागणी घातली. शार्लटनं होकार दिला. एलिझाबेथला धक्काच बसला. ज्या माणसाला आपण तोंडावर नाही म्हटलं, त्याच्याशी आपली शहाणी मैत्रीण संसार करणार! वर्गात आम्ही सगळे एलिझाबेथच्या बाजूचे. परीक्षेत 'शार्लटचे स्वभावचित्र' आलं, तेव्हा मी तिला व्यवहारी, प्रेमशून्य असं बरंच काही म्हटलं आणि चांगले गुण मिळवले.

त्या प्रसंगात एक वाक्य असं आहे, की ते मला तेव्हा दिसलंच नव्हतं. लग्न ठरल्यावर शार्लटच्या घरात काय झालं हे लेखिका सांगते. धाकट्या बहिणींना वाटलं, आता समारंभात मिरवायची आपली पाळी वर्ष-दोन वर्षं आधी येईल. आणि भावांच्या मनावरचं ओझं उतरलं, कारण ती बिनलग्नाची राहून मरेल ही धास्ती गेली. बस्स. एवढं सांगून लेखिका पुढं जाते.

तिला हे आतून माहीत होतं. १८०२ च्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर नावाच्या जमीनदाराच्या मुलानं जेन ऑस्टेनला मागणी घातली. तिनं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला. सत्तावीस पूर्ण व्हायला तिला तेव्हा दोनच आठवडे राहिले होते. १८०५ साली वडील वारले, आणि आई व दोघी बहिणी भावांच्या मदतीवर आल्या. १८०९ मध्ये एडवर्ड या भावानं, जो श्रीमंत नातलगांना दत्तक गेला होता, चॉटन गावी त्यांना एक लहानसं घर राहायला दिलं. या कादंबरीवरचा शेवटचा हात तिथंच फिरला. ती १८१३ साली निघाली तेव्हा तिच्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, आणि सगळे हक्क प्रकाशकाला ११० पौंडांत देऊन टाकलेले होते. म्हणजे एलिझाबेथचा नकार तिनं स्वतः जगून पाहिला होता, त्याची किंमतही मोजली होती. म्हणूनच असेल, शार्लटला तिनं कुठं शिक्षा केलेली नाही.

आता माझ्या घरातलं. आपा माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बारावी झालेली, गावातल्या बालवाडीत शिकवायची. मी कॉलेजात ही कादंबरी वाचत होतो, त्याच वर्षी तिला एक स्थळ आलं. लाकडाच्या वखारीत हिशेबनीस, वयानं बारा वर्षांनी मोठा, पहिली बायको वारलेली. आपानं एका रात्रीत होकार दिला. मी डोक्यात एलिझाबेथ घेऊन हिंडत होतो. मी तिला म्हणालो, तू स्वतःला विकलंस. चार दिवस तिच्याशी बोललो नाही. घरात आम्ही दख्खनी बोलतो, इथं मराठीत सांगतो. ती म्हणाली, "तुला अभ्यासाला खोली लागेल की नाही आता? आणि अब्बांनी किती दिवस जागं राहायचं?" ती गेल्यावर ती खोली मला मिळाली. एलिझाबेथवरच्या कविता मी तिथंच बसून लिहिल्या.

अब्बा गेले, तेव्हा घर आणि बाजारातलं दुकान मागं राहिलं. अम्मी आधीच गेलेली. आमच्यात वाटणीचा नियम पक्का आहे. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात तो आलेला आहे. मुलीला मुलाच्या निम्मं. दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे पाचातला एक वाटा आपाचा. एकदा गंमत म्हणून मी बेनेटसाहेबांची वाटणी या नियमानं करून पाहिली. चोवीस हिस्से केले, तर बायकोला तीन, पाच मुलींना मिळून सोळा आणि उरलेले पाच त्या कॉलिन्सला. मुलींपैकी प्रत्येकीला वर्षाला अडीचशे पौंडांहून थोडे जास्त. कादंबरी सुरूच झाली नसती.

पण कागदावरचं कागदावर. आम्ही आपाला एस.टी.नं आणलं, निबंधकांच्या कचेरीत नेलं, हक्कसोडपत्रावर तिनं सही केली. माझ्या हिंदू मित्रांच्या घरीही हेच चालतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, तरी बहिणीनं हक्क मागितला की माहेर तुटतं, हा अलिखित कायदा दोन्हीकडं सारखाच. आपाला आम्ही एक भारी साडी घेतली. कचेरीबाहेर चहा प्यायलो. तिनं काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही.

कोविडच्या टाळेबंदीत, २०२० साली, माझ्या मुलीनं ही कादंबरी वाचायला घेतली. मी आपला कॉलिन्सची नक्कल करून तिला हसवत होतो. ती म्हणाली, "अब्बा, तो बावळट आहे, पण वाईट कुठंय? त्यानं कुणाचं काही चोरलं नाही. त्याला नुसतं मिळणार आहे." त्या रात्री मी पुस्तक पुन्हा काढलं. इतकी वर्षं मी स्वतःला एलिझाबेथच्या बाजूला धरत होतो. आमच्या घरातला कॉलिन्स मीच निघालो. तो तरी एलिझाबेथला मागणी घालून बहिणींची भरपाई करू पाहत होता. मी साडी दिली.

धाकट्या भावाशी मी हा विषय काढला आहे. तो म्हणतो, सही झाली, आता उकरून काय काढायचं? बोलणं अजून चालू आहे.

एलिझाबेथ पुढं शार्लटच्या घरी पाहुणी म्हणून जाते, तो भाग तिसऱ्या वाचनात मी सावकाश वाचला. शार्लट नवऱ्याला बागकामाला उत्तेजन देते, तब्येतीला चांगलं म्हणून. आणि बसायला-उठायला तिनं मागच्या बाजूची खोली निवडली आहे. पुढची जेवणाची खोली मोठी आहे, तिथून बाहेरचंही चांगलं दिसतं. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, मग उलगडतं. नवऱ्याची अभ्यासिका रस्त्याच्या बाजूला आहे. बायकोही तशाच चांगल्या खोलीत बसू लागली, तर तो स्वतःच्या खोलीत कमी थांबेल. मागं असली, की तो पुढं गाड्या बघत बसतो आणि तिला निवांतपणा मिळतो. सबंध कादंबरीत इतकं शहाणपणाचं घर दुसरं कुणाचं नाही. डार्सीच्या वाड्याचं मला आता काही वाटत नाही.

हे सगळं मी परवा आपाला फोनवर सांगितलं. कादंबरी, शार्लट, माझा तो कॉलेजातला राग, सगळं. दुल्हाभाईंना जाऊन आता तीन वर्षं झाली. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मागच्या खोलीला खिडकी होती का तिच्या?"

मी म्हटलं, पुस्तकात बघून सांगतो.