सूर्य पाठीशी, ड्रॅगन सकाळी

ऑक्टोबर तोंडावर आला, पानं रंगायला लागली, की नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावच्या मराठी बाइकवाल्यांत एक वाद हमखास रंगतो: आधी ड्रॅगन की आधी स्कायवे?

ड्रॅगन म्हणजे ‘टेल ऑफ द ड्रॅगन’. नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या सीमेवरच्या डील्स गॅप या खिंडीपासून टेनेसीत उतरणाऱ्या यूएस १२९ या रस्त्याचा हा ११ मैलांचा तुकडा. एवढ्यात ३१८ वळणं. स्कायवे म्हणजे १९९६ मध्ये खुला झालेला चेरोहाला स्कायवे. रॉबिन्सव्हिलहून पश्चिमेला टेलिको प्लेन्सपर्यंत जाणारा हा चाळीसेक मैलांचा रस्ता नांटाहाला आणि चेरोकी या दोन राष्ट्रीय वनांतून जातो. दोन्ही नावं जोडून त्याचं नाव झालं. दक्षिणेला स्कायवे, उत्तरेला ड्रॅगन. दोन्हींची टोकं जोडली की सव्वाशे मैलांच्या आसपासचा लूप तयार होतो. कॅरीहून रॉबिन्सव्हिल सव्वातीनशे मैलांवर, म्हणजे जाण्यातच साडेपाच-सहा तास. एवढ्या लांब जाऊन लूप एकदाच मारायचा असेल, तर तो कोणत्या बाजूने मारायचा हा प्रश्न रिकामटेकडा नाही.

पहिला मुद्दा सूर्याचा. समोरून येणारं तिरपं ऊन बाइकवाल्याचा मोठा शत्रू. हेल्मेटच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि सावलीतला ओला पट्टा किंवा सांडलेली खडी दिसतच नाही. म्हणून ‘सूर्य पाठीशी राहील अशी दिशा घ्या’ असा सल्ला सगळे देतात. पण नकाशावर बोट फिरवून बघा. रॉबिन्सव्हिल लूपच्या पूर्व टोकाला आहे. तिथून सकाळी ड्रॅगनकडे निघा किंवा स्कायवेकडे, तुम्ही पश्चिमेलाच जाणार. संध्याकाळी कोणत्याही रस्त्याने परता, पूर्वेलाच येणार. दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. मुक्काम पश्चिमेला टेलिको प्लेन्सला केलात, तर दिशा कुठलीही घ्या, सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांत. मधली वळणं क्षणभर इकडेतिकडे तोंड फिरवतील, पण एकूण हिशेब हाच. थोडक्यात, सूर्याचं गणित फेऱ्याच्या दिशेने नाही, मुक्कामाच्या गावाने सुटतं.

हे सह्याद्रीत आपण नकळत अनुभवलेलं असतं. पुण्याचा माणूस सकाळी ताम्हिणीने माणगावला उतरतो, महाडहून वरंधा चढून भोरमार्गे संध्याकाळी घरी येतो. फेरा सुलटा घेतला काय किंवा उलटा, ऊन त्याच्या पाठीवरच. मुंबईकर मात्र घाटांच्या पश्चिमेला राहतो. तो सकाळी घाट चढतो तेव्हा सूर्य समोर आणि रविवारी संध्याकाळी परततो तेव्हाही समोर.

दुसरा मुद्दा बाजूचा, आणि इथे भारतात शिकलेल्या हातांनी थोडं थांबून विचार करायला हवा. कॅरीच्या श्री वेंकटेश्वर मंदिरात आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा देव उजव्या हाताला असतो. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते. त्यामुळे इथे तळ्याला किंवा डोंगराला प्रदक्षिणेच्या दिशेने फेरा घातला, तर तुमची लेन आतल्या अंगाची, तळ्याच्या किंवा डोंगराच्या कडेची. उलट फिरलात तर बाहेरच्या अंगाची. महाराष्ट्रात हे नेमकं उलटं होतं. म्हणून तळं असेल तर इथे प्रदक्षिणेची दिशा चांगली: पाणी लेनला लागून, मध्ये समोरची गाडी येत नाही. डोंगराला वळसा असेल तर उलटी दिशा बरी, कारण दरीकडचे थांबे उजव्या हाताला येतात. आंधळ्या वळणाशेजारच्या थांब्यासाठी पिवळी रेघ ओलांडून डावीकडे घुसणं हा घाटातला फार महागडा मोह आहे.

वळणांच्या बाबतीत मात्र दिशेचा फारसा फरक पडत नाही. उजवी-डावी वळणं एकमेकांना फेडत जातात. पूर्ण लूपमध्ये उरतो तो फक्त एका वर्तुळाचा फरक. सवयीचा फरक मात्र मोठा. भारतात डाव्या वळणावर वेग जास्त झाला की बाइक समोरच्या लेनमध्ये जाते. इथे तो धोका उजव्या वळणावर. आणि इथे डाव्या वळणावर बाइक झुकवली की चाकं आपल्या लेनमध्ये राहतात, पण डोकं पिवळ्या रेघेच्या पलीकडे लटकतं. ड्रॅगनवर वेगमर्यादा ताशी ३० मैल आहे. डील्स गॅपच्या मोटरसायकल रिसॉर्टजवळ ‘ट्री ऑफ शेम’ नावाचं झाड आहे, त्याच्या फांद्यांना तुटलेले आरसे, फेअरिंगचे तुकडे, वाकलेले लिव्हर टांगलेले असतात. ड्रॅगनवर शिरण्यापूर्वी ते बघून घ्यावं.

मग दिशा ठरवायची कशावर? गर्दी, अंगातली ताकद आणि हवा यांवर.

शनिवार-रविवारी ड्रॅगनवर दुपारी बाइक, स्पोर्ट्स कार आणि त्यांचे फोटो काढायला वळणावळणावर बसलेले फोटोग्राफर अशी जत्रा असते. ३० फुटांहून लांब ट्रकना टेनेसीच्या बाजूला २०१५ पासून बंदी आहे, ही त्यातल्या त्यात सोय. सकाळी लवकर मात्र रस्ता जवळजवळ तुमचाच. शिवाय ३१८ वळणं ताज्या डोक्याने घ्यायची गोष्ट आहे. दिवसभर हँडल धरून मनगटं आखडल्यावर तीच वळणं सोपी राहत नाहीत. स्कायवेची वळणं लांब आणि मोकळी आहेत. थकलेला माणूसही ती आरामात काढतो.

हवेचाही कौल बहुधा तोच. टेलिको नदीकाठी स्कायवे सुमारे ९०० फुटांवर असतो आणि सीमेजवळ ५,३०० फुटांच्या वर जातो. दर हजार फुटांना साधारण साडेतीन अंश फॅरनहाइट तापमान उतरतं, म्हणजे माथ्यावर पायथ्यापेक्षा पंधराएक अंश कमी. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे सूर्यच साडेसातनंतर उगवतो. त्या थंडीत माथा गाठण्यापेक्षा दुपारी चढलेलं बरं. पाठीमागून आलेलं उतरतं ऊन समोरच्या रंगीत डोंगरांवर पडतं, तेव्हा पानं बघायची खरी वेळ झालेली असते. ड्रॅगनवर सकाळी दव आणि ओली पानं असतात, हे खरं. म्हणून पहाटे नको, उजाडल्यावर तासाभराने शिरा. संध्याकाळी काळोख पडायच्या आत स्कायवे उतरा, कारण हरणं त्याच सुमाराला रस्त्यावर येतात.

म्हणून ऑक्टोबरातल्या शनिवारी माझा कौल प्रदक्षिणेच्या उलट फेऱ्याला, म्हणजे आधी ड्रॅगनला. रॉबिन्सव्हिलहून यूएस १२९ ने उत्तरेला, वाटेत चिओआ धरण. हॅरिसन फोर्डच्या ‘द फ्युजिटिव्ह’ (१९९३) मधली धरणावरून उडी इथेच चित्रित झाली. मग ड्रॅगन, चिलहोवी तळ्याची कड, आणि व्होनोर. चेरोकी भाषेला लिपी देणाऱ्या सिक्वोयाचं संग्रहालय तिथे आहे. तासभर द्यावा असं. जेवण आणि पेट्रोल टेलिको प्लेन्सला. स्कायवेवर पंप नाही, त्यामुळे टाकी भरल्याशिवाय चढू नका. हेल्मेट दोन्ही राज्यांत सक्तीचं आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हाच फेरा प्रदक्षिणेच्या दिशेने करा. त्या दिवसांत दुपारनंतर उंचावर ढग जमतात, विजा कडाडतात आणि माथ्यावर आडोसा नसतो. तेव्हा स्कायवे सकाळी उरकून दुपारी खाली ड्रॅगनच्या झाडीत असलेलं चांगलं. फक्त हा बेत मधल्या वारी करा, नाहीतर विजेपासून सुटून गर्दीत सापडाल. वारही तुमच्या हातात नाही आणि महिनाही नाही, तर निदान मुक्काम रॉबिन्सव्हिललाच करा. दिशा चुकली तरी तेवढ्याने अर्धा दिवस वाचतो.